सावळीच्या फाटकावर जावई पाहिजे

कुठल्याही हापिसात किस्से घडायला माणसं जमवावी लागतात. आमच्याकडे माणसं आपणहून येतात, दांडा खाली आला की पुढ्यात उभी राहतात आणि गाडी जाईपर्यंत कुठे जाऊ शकत नाहीत. अडकलेल्या माणसाला दुसरं काम काय? तो हॉर्न वाजवतो, भांडतो, घरचं सांगतो, रेल्वेच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. आम्ही आपले हातात झंडी घेऊन उभे. किस्से गोळा करायला आम्हाला कुठे जावं लागत नाही!

मी तायडे. नांदुरा आणि मलकापूरच्या मधल्या लाइनीवर सावळी म्हणून गाव आहे, तिथल्या रेल्वे फाटकावर गेटमन. आम्ही तिघं पाळीपाळीनं असतो; मी तर पाळी नसतानाही तिथेच रेंगाळतो. एक मी, दुसरे शब्बीरभाई आणि तिसरे आमच्यात सगळ्यात जुने ते वानखडे काका. काका आधी गँगमध्ये होते, म्हणजे रुळांची देखभाल करणाऱ्या टोळीत. गुडघे बोलायला लागले तेव्हा फाटकावर आले.

रेल्वेच्या लेखी फाटकांचे प्रकार ठरलेले आहेत. पूर्वी बिनामाणसाचं फाटक असायचं, नुसती पाटी आणि बाकी ज्याचं त्यानं पाहायचं. आमच्या मोठ्या लाइनीवरून ते प्रकरण आता गेलं. मग माणूस बसवलेलं फाटक. त्यातही साधं वेगळं आणि सिग्नलला जोडलेलं वेगळं. आमचं जोडलेलं आहे. दोन्हीकडचे दांडे पुरते खाली येऊन कुलूप बसल्याशिवाय गाडीला सिग्नलच मिळत नाही, मग आत बसलेला कितीही मोठा माणूस असो! नुसत्या गुराढोरांनी ओलांडायचंही एक फाटक असतं, तोसुद्धा एक प्रकार आहे.

पण फाटकापुढे थांबणाऱ्या माणसांचे प्रकार रेल्वेनं कुठे लिहून ठेवलेले नाहीत. ते वानखडे काकांना पाठ आहेत. आणि त्या ज्ञानाची त्यांना फार गरज आहे, कारण त्यांना लेकीसाठी मुलगा पाहायचा आहे!

* * *

आधी म्हशीचं सांगतो.

सावळीच्या किसनभाऊंची एक म्हैस आहे. रोज सकाळी तिला घेऊन ते पलीकडच्या शेतात जातात. दांडा खाली यायला लागला की आमचा भोंगा वाजतो. भोंगा वाजला की म्हैस जागच्या जागी थांबते. किसनभाऊ थांबत नाहीत!

एकदा असाच भोंगा वाजला. किसनभाऊ दांड्याखालून वाकून आत शिरले आणि म्हशीचा दोर ओढायला लागले. म्हैस ढिम्म.

"चाल नं वं माय, काऊन अडून राह्यली?" किसनभाऊ काकुळतीला आले.

म्हशीनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा रुळांकडे पाहिलं आणि शांतपणे रवंथ करायला लागली. काका केबिनमधून ओरडले, "किसनभाऊ, बाहेर या! गाडी आली!"

"पण हे येत नाही नं!"

"ते शहाणी हाये म्हणून येत नाही! तुमी निंघा!"

किसनभाऊ नाइलाजानं मागे फिरले, म्हशीच्या शेजारी येऊन उभे राहिले. गाडी धडधडत गेली. दांडा वर गेला तशी म्हैस स्वतःहून चालायला लागली आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला किसनभाऊ.

काका म्हणाले, "हे ठीक हाये. उद्यापासून असंच या. ते पुढं, तुमी मांगं!"

सगळे हसले. काका मात्र म्हशीच्या पाठीकडे पाहत राहिले आणि मला म्हणाले, "तायडे, इतकी अक्कल असलेला पोट्टा कुठं दिसला तं सांगजो. उद्या लगन लावून देतो."

* * *

काका हे गमतीनं म्हणत नव्हते. त्याचं कारण सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्हाला माणूस नुसता चक्रम वाटेल.

गँगमध्ये असताना त्यांचा पुंडलिक नावाचा जोडीदार होता. एका बिनामाणसाच्या फाटकावर पुंडलिक मोटरसायकल घेऊन आला. पाटीवर लिहिलं होतं तसा थांबला. समोरून मालगाडी चालली होती, ती त्यानं जाऊ दिली. तिचा शेवटचा डबा गेला आणि यानं किक मारली. पलीकडच्या लाइनीवरून दुसरी गाडी येत होती. मालगाडीच्या आडून त्याला ती दिसली नाही.

काका तिथून जवळच काम करत होते. सगळ्यात आधी तेच पोचले. पुंडलिकच्या लग्नाला तेव्हा फार दिवस झाले नव्हते, लग्नात काकाच पंगतीत वाढायला होते. त्याच्या बायकोला सांगायलाही काकांनाच जावं लागलं. हे ते कधी सविस्तर बोलत नाहीत आणि मीही विचारत नाही. मला ऐकवणारच नाही.

प्रणाली, म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, खामगावला नर्स आहे. तिच्यासाठी स्थळं यायला लागली तेव्हा काकांनी मला एकच गोष्ट सांगितली. "तायडे, पोट्टा सावळा असला तरी चालन. नौकरी लहान असली तरी चालन. मले जिता जावई पाह्यजे."

काकांचं घर फाटकाच्या गावाकडच्या अंगाला, हाकेच्या अंतरावर. पाहुणे बहुतेक संग्रामपूरच्या अंगानं येणार, म्हणजे फाटक ओलांडल्याशिवाय घर नाही. काका पाहुण्यांना वेळ द्यायचे ती बरोबर अशी, की ते फाटकाशी येतील तेव्हा एखादी गाडी असेल आणि ड्युटीवर स्वतः काका असतील! कांदेपोहे घरी. परीक्षा फाटकावर!

शांताकाकू, काकांच्या घरच्या, कपाळाला हात लावायच्या. "लोकं पत्रिका पाह्यतात, शिक्षण पाह्यतात. आमचे हे वेळापत्रक पाह्यतात!"

* * *

पहिला मुलगा इंजिनीअर होता. उंच, गोरा, काकूंना फोटोतच पसंत पडलेला. आईवडील मागून जीपमध्ये आणि हा पुढे नव्या कोऱ्या बाइकवर.

फाटक बंद होतं. यानं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, बाइक आडवी केली, दांड्याखालून सरकवली आणि निघाला! दुसऱ्या दांड्यापाशी काका उभे होते. साध्या निळ्या शर्टात, हातात लाल झंडी. सासरा म्हणून ओळखायचं काही कारणच नाही.

"कुठं इतकी घाई हो?" काकांनी विचारलं.

"काका, पोरगी पाहाले चाललो. उशीर बरा दिसत नाही नं!"

"हाव, ते बी खरं हाये," काका म्हणाले आणि त्याला बाजूला घेऊन सुखरूप बाहेर काढलं.

थोड्या वेळानं मुलगा काकांच्या बैठकीत, पोह्यांची बशी मांडीवर. काका ड्युटी संपवून, कपडे बदलून बाहेर आले. मुलाच्या हातातला चमचा थांबला.

काका समोर बसले, हात जोडले आणि म्हणाले, "पोहे खाऊन जा. वापस जाताना फाटक उघडं असन. मी सांगून आलो."

* * *

स्थळांच्या मधल्या काळात इतर मंडळी येतच असतात. एक पुढारी आहेत आमच्याकडचे. नाव सांगत नाही, कारण सगळ्यांना माहीत आहे. 'सावळीचं फाटक काढून तिथे पूल बांधतो' हे त्यांचं आवडतं भाषण.

एकदा ते हेच भाषण द्यायला निघाले होते आणि नेमके फाटकावर अडकले! मागे ट्रॅक्टर, एसटी, दोन काळ्यापिवळ्या जीप, शाळेतून सुटलेली सायकलींची फौज. साहेब खाली उतरले. पाहतात तर एवढी माणसं! पलीकडे मंडपात तेव्हा खुर्च्यांशिवाय कोणी आलं नव्हतं, असं त्यांच्या ड्रायव्हरनंच मला सांगितलं.

साहेबांनी संधी साधली. एसटीच्या पायरीवर चढले आणि सुरू! "बंधूंनो आणि भगिनींनो, हे फाटक म्हणजे आपल्या तालुक्याच्या विकासाला आडवा आलेला दांडा आहे!" टाळ्या पडल्या. अडकलेल्या माणसाला टाळ्या वाजवायला काय जातं?

साहेब रंगात आले. आवाज चढला. पुलाची लांबी, रुंदी, त्यावर दिवे किती हे सगळं झालं. एवढ्यात गाडी गेली, दांडा वर गेला. ट्रॅक्टर फुरफुरला, काळ्यापिवळ्या सुटल्या, सायकली पांगल्या. ज्या एसटीच्या पायरीवर साहेब उभे होते तिच्या कंडक्टरनंही डबल बेल दिली! साहेब कसेबसे खाली उतरले.

काका अदबीनं पुढे झाले. "साहेब, भाषण बाकी असन तं थांबा. आता दुसरी गाडी येऊन राह्यली."

* * *

शब्बीरभाईंची गंमत निराळी. त्यांचा आवाज म्हणजे रेडिओवर बातम्या वाचाव्या असा.

गाडी सोडण्याआधी स्टेशन मास्तर आम्हाला फोन करतो आणि एक आकडा सांगतो. त्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. आपण फाटक बंद केलं की आपणही आपला आकडा त्याला सांगायचा. दोघांनी एकमेकांचं नीट ऐकलं याची ती खात्री. शब्बीरभाई ते आकडे असे खणखणीत म्हणायचे, की पार रस्त्यापर्यंत ऐकू यावं.

फाटकाशेजारी गजाननचा पानठेला आहे. काही दिवसांनी शब्बीरभाईंच्या लक्षात आलं, की फोन वाजला की ठेल्यावरची माणसं एकदम गप्प होतात. पान चघळणंसुद्धा थांबतं! त्यांना वाटलं, शिस्त आली लोकांना.

मग एक दिवस एक म्हातारबुवा पेढे घेऊन केबिनच्या दारात. "शब्बीरभाई, तोंड गोड करा! तुमचा कालचा आकडा लागला! मास्तरसाहेबालेही दोन पेढे पाठवा, म्हणा, हात असाच राहू द्या!"

गाव आमच्या प्रायव्हेट नंबरवर मटका खेळत होतं!

शब्बीरभाईंना घाम फुटला. दुसऱ्या दिवसापासून ते खिडकी लावून, फोनवर हात धरून, हळू आवाजात आकडा सांगायला लागले. ठेल्यावर एकच खळबळ. गजानननं मला बाजूला घेऊन विचारलं, "तायडेभाऊ, खरं सांगा. इतके दिवस भाई आमाले कच्चा आकडा देऊन राह्यले होते का? पक्का आत्ता सुरू झाला वाटते!"

* * *

पुन्हा काकांच्या शोधाकडे येतो, कारण दुसरा मुलगा फार छान थांबला होता.

बँकेत नोकरी. कारमधून आला, दांड्यापासून चांगलं अंतर ठेवून गाडी उभी केली, इंजिन बंद केलं. हॉर्न नाही, कुरकुर नाही. मागचे दोघं ओव्हरटेक करून पुढे घुसले तरी हा जागेवर! मी काकांकडे पाहिलं. माणसाच्या चेहऱ्यावर एवढा आनंद मी त्यांच्या बढतीच्या दिवशीही पाहिला नव्हता.

"तायडे," काका माझ्या कानाशी लागले, "सापडला बे!"

गाडी गेली. दांडा वर गेला. पुढचे सगळे गेले. बँकवाला हलेना. मागच्यांनी हॉर्न वाजवले, एका ट्रकवाल्यानं खाली उतरून काच ठोठावली, तरी नाही. काका घाबरून पळत गेले. आत मुलगा दोन्ही कानांत इअरफोन घालून मोबाइलवर क्रिकेट पाहत बसला होता! भोंगा, इंजिनाची शिटी, मागचा कालवा, त्याच्या कानावर काहीच पडलं नव्हतं. फाटक बंद होतं म्हणून तो थांबला नव्हता. कुठला तरी फलंदाज नव्वदीत होता म्हणून थांबला होता!

घरी काकूंनी आशेनं विचारलं, "थांबला का?"

"थांबला," काका म्हणाले.

"मंग?"

"ऐकत नाही."

"आत्ताच? लगनाच्या आधीच?" काकूंनीच नकार कळवला.

* * *

अशी काही स्थळं गेल्यावर काकूंनी सूत्रं हातात घेतली. त्यांचा भाऊ बुलढाण्याला असतो. मुलगा बघायचा तो आता तिथेच, भावाच्या घरी.

"काऊन? एवढ्या दूर घाटावर कायले?" काकांनी विचारलं.

"कारण तिथं रेल्वे नाही!" काकू म्हणाल्या. "अख्ख्या बुलढाण्यात एक रूळ नाही. आता आणा तुमचं फाटक!"

काका मुकाट्यानं एसटीत बसले. मुलगा बुलढाण्याचाच, कोर्टात नोकरीला, बोलायला गोड. प्रणालीशीही चार शब्द नीट बोलला. काकूंचा जीव भांड्यात पडत होता, तेवढ्यात काकांनी तोंड उघडलंच.

"समजा, तुमी गाडीवर चालले. समोर रेल्वेचं फाटक बंद हाये. काय करान?"

काकूंनी डोळे मिटून घेतले. मुलानं जराही विचार न करता सांगितलं, "सोप्पं आहे. मोबाइलवर पाहायचं अन् दुसऱ्या रस्त्यानं जायचं. थांबायचं कशाला?"

काका विचारात पडले. वाकून जाणं नाही, रूळ ओलांडणं नाही. नियमात कुठे अडकतच नव्हतं! परतीच्या एसटीत त्यांनी घाट उतरेपर्यंत डोकं खाजवलं आणि शेवटी जाहीर केलं, "मले मान्य हाये. पोरगा सुरक्षित हाये."

काकूंनी हात जोडले. मागच्या सीटवरून प्रणाली म्हणाली, "मले मान्य नाही."

"आता तुले काय झालं?"

"बाबा, समोर अडचण दिसली का दुसरा रस्ता पाहणारा नवरा घेऊन मी काय करू?"

* * *

आता शेवटचा किस्सा. हा माझ्या डोळ्यांदेखत घडला आणि मी कुठे सांगायला लागलो की गजानन ठेला सोडून ऐकायला येतो, त्यानं स्वतः पाहिला असूनही.

त्या दिवशी संग्रामपूरकडून पाहुणे यायचे होते. काकूंनी काकांना बजावलं होतं, "हे शेवटचं. याले नाही म्हटलं तं मी फाटकावर येऊन बसन!" मी काकांकडून पाळी घ्यायला जरा लवकरच पोचलो. दांडा खाली येत होता आणि कापसानं भरलेला एक ट्रक घुसला. त्याला वाटलं, निघू. निघाला नाही. दांडा त्याच्या मागच्या बाजूला अडकला, वाकला आणि मोडून लोंबायला लागला.

ट्रक पुढे गेला, पण फाटक गेलं. कुलूप बसेना. कुलूप नाही म्हणजे सिग्नल नाही. मी फोनकडे धावलो आणि स्टेशन मास्तरला कळवायला लागलो. काका गावाकडच्या बाजूला साखळी लावून, लाल झंडी घेऊन उभे राहिले. दुसऱ्या बाजूलाही मी साखळी अडकवून आलो होतो, पण तिथे उभं राहायला माणूस नव्हता. दोघांनी तीन ठिकाणी कसं असायचं?

तेवढ्यात प्रणाली घरून आली. "बाबा, आई म्हणते, पाहुणे यायची वेळ झाली, कपडे बदला."

"कपडे जाऊ दे, हे साखळी पाहाय!" काका म्हणाले. मग ती बिचारी सणाच्या साडीत साखळीपाशी उभी राहिली आणि ट्रॅक्टरवाल्यांना दटावू लागली; तरी गावाकडची गर्दी एवढी, की काकांना तिथून हलता येईना.

मालगाडी येऊन लाल सिग्नलपाशी थांबली. तिनं शिटी दिली, वाट पाहिली आणि मग नियमाप्रमाणे अगदी सावकाश पुढे येत फाटकाच्या अलीकडे पुन्हा थांबली, कारण तिला हात दाखवायला कोणी मोकळं नव्हतं. अशा वेळी असिस्टंट ड्रायव्हरनं खाली उतरायचं, दोन्हीकडचा रस्ता बंद आहे का ते पाहायचं आणि मग झंडी दाखवत आपली गाडी पार करायची. तसा एक तरुण मुलगा इंजिनावरून उतरला. सावळा, शिडशिडीत, बगलेत दोन झंड्या. केबिनपाशी लावलेल्या काकांच्या मोपेडवर निळ्या अक्षरांत 'जयभीम' लिहिलेलं वाचलं आणि म्हणाला, "जयभीम काका. त्या बाजूले कोण हाये?"

"जयभीम. कोणीच नाही भाऊ."

"मंग हे तुमी पाहा, ते मी पाहतो."

तो पलीकडे गेला तर तिथे एक पाहुणा साखळी उचलून बाइक आत घालत होता. नवा शर्ट, काळा चष्मा, मागे जीपमध्ये घरची मंडळी. मी केबिनच्या खिडकीतून सगळं ऐकत होतो.

"भाऊ, माघारी घ्या," मुलगा म्हणाला.

"अबे, गाडी तं उभी हाये! उभ्या गाडीले कायले भ्याचं?"

"हे उभी हाये. हिच्या आडून पलीकडच्या लाइनीवर कोण येऊन राह्यलं, ते दिसते का तुमाले?"

पाहुणा वाकून पाहायला लागला. मालगाडीच्या डब्यांपलीकडे काय दिसणार? माझं लक्ष काकांकडे गेलं. ते एकटक त्या मुलाकडे पाहत होते.

"मी पाव्हणा हाव," पाहुणा चिडून म्हणाला. "या फाटकवाल्याचीच पोरगी पाहाले चाललो!"

"असं? मंग तं नीट थांबा," मुलगा साखळी पुन्हा अडकवत म्हणाला. "सासरा ड्युटीवर हाये!"

सगळी गर्दी हसली. जीपमधली पाहुण्याची आजीसुद्धा हसली. पाहुण्यानं बाइक मागे घेतली. मुलानं दोन्हीकडे नीट पाहून घेतलं, रुळांच्या कडेला उभा राहिला आणि हिरवी झंडी हलवत आपली गाडी मुंगीच्या पावलानं पुढे आणली. इंजिन फाटक ओलांडताच त्यानं चालत्या इंजिनाच्या शिडीला हात घातला आणि वर चढला.

तेव्हा काकांना एकदम भान आलं. गुडघे विसरून ते इंजिनाच्या बाजूनं पळायला लागले!

"अहो! ओ असिस्टंट साहेब! लगन झालं का तुमचं?"

मुलानं कानाला हात लावला. इंजिनाच्या आवाजात काही कळेना. काकांनी सगळा जीव एकवटून पुन्हा आरोळी मारली. ती पलीकडच्या जीपपर्यंत गेली, पानठेल्यापर्यंत गेली, घरातून काकू बाहेर आल्या. मुलगा काकांकडे पाहतच राहिला. मग त्यानं मागे, साखळी धरून उभ्या असलेल्या प्रणालीकडे पाहिलं. तेवढ्यात इंजिन पुढे निघून गेलं.

काका धापा टाकत परत आले आणि लाल झंडी काखेत मारून, हिरवी हातात घेऊन तिच्या शेजारी उभे राहिले. गेटमननं शेवटचा डबा जाईपर्यंत हलायचं नसतं. डबे जात होते. कोळशाचा डबा, मग आणखी कोळशाचा डबा. एवढी लांब मालगाडी मी उभ्या जन्मात पाहिली नाही!

शेवटी गार्डचा डबा आला. पिकल्या केसांचा गार्ड कठड्याला ओणवा झालेला, एका हातात वॉकीटॉकी, दुसऱ्या हातात हिरवी झंडी. सगळं ठीक असलं की गार्ड आणि गेटमननं एकमेकांना ती दाखवायची असते. गार्ड लांबूनच ओरडायला लागला.

"ओ काका! इंजनावरून निरोप हाये! लगन नाही झालं म्हणते! घर नांदुऱ्याले, इतवारी सुट्टी हाये! पण म्हणते, आधी पोरीले इचारा!"

काका हिरवी झंडी वर करायची विसरले. प्रणालीनं ती त्यांच्या हातातून घेतली आणि गार्डाला दाखवली.